पाहुण्याच्या रिझल्टचे पेढे

आमच्या घरात एकदा कुत्र्याच्या रक्ततपासणीचे पेढे वाटले गेले होते. हसू येतंय ना? येऊ दे. तेव्हा आम्हीसुद्धा हसत हसतच वाटले होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शारजात एका सहा मजली इमारतीत आम्ही भाड्याने राहायचो: मी, नवरा, शाळेत जाणारी लेक आणि माझे सासरे. सासरे म्हणजे बाबा. साताऱ्याकडच्या एका हायस्कुलात त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. सासूबाई गेल्यावर ते गावी एकटे पडले. एकदा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले ते सकाळी, आणि शेजाऱ्यांना कळलं दुपारी. तेव्हा नवऱ्याने घाईघाईने व्हिसा काढला आणि त्यांना आमच्याकडे आणलं. आणलं खरं, पण माणसाला रमवायचं कशात याचा विचार कोणी केला होता? नवरा सकाळी सहाला हमरिया फ्री झोनला जायचा, मी सातला दुबईत रास अल खोरला, लेक शाळेच्या बसने. बाबा दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या मोकळ्या प्लॉटवर उभ्या असलेल्या गाड्या मोजायचे. संध्याकाळी मी दार उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला, "माझ्या तिकिटाचं बघितलंस का गं पोरी?"

मी चिडायचे. मी मुळातच चिडकी. "बाबा, तिकडे तुम्हाला चहाचा कप तरी कोण देणार आहे?" "माझा मी करून घेईन." "आणि पुन्हा पडलात तर?" यावर ते खिडकीकडे वळायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. मला खरी भीती त्याचीच वाटायची. हा माणूस हट्टाने परत जाणार आणि त्या ओल्या फरशीवर एकटा पडून राहणार, हे मला डोळ्यांसमोर दिसायचं.

अशात नवऱ्याच्या कंपनीतल्या एका स्पॅनिश इंजिनीअरची बदली झाली. "महिनाभर सांभाळा, मग घेऊन जातो," असं म्हणून त्याने आपला कुत्रा आमच्या गळ्यात मारला. तपकिरी रंगाचा, मध्यम उंचीचा, लांब कानांचा. महिन्याचे तीन महिने झाले आणि एक दिवस फोन आला, ठेवून घ्या तुम्हीच. मी उखडलेच. "आधीच घरात एक म्हातारा सांभाळायला होता, त्यात हा!" असं तोंडातून निघून गेलं, आणि बाबा मागेच उभे होते. कर्म माझं! त्यांनी चप्पल घातली, पट्टा हातात घेतला आणि कुत्र्याला म्हणाले, "चला पाहुणे, आपण दोघं जरा बाहेर जाऊन येऊ."

तेव्हापासून त्याचं नाव पाहुणा. त्याला मराठी कळत नव्हतं आणि बाबांना स्पॅनिश, पण महिन्याभरात तो "बस खाली", "थांब की लेका" आणि "शहाणा माझा" यांना बरोबर उत्तर द्यायला लागला. पहाटे, ऊन तापायच्या आत, दोघं त्या मोकळ्या प्लॉटला पाच फेऱ्या मारायचे. इमारतीचा नातूर, म्हणजे तिकडचा वॉचमन, एकदा आडवा आला. "चाचा, बिल्डिंग में कुत्ता अलाउड नहीं है." बाबा त्याला आपल्या मास्तरी हिंदीत म्हणाले, "ये कुत्ता कहाँ है? ये पाहुणा है. हम भी पाहुणा है. दोनों को निकालो." नातूर हसला आणि विषय संपला. दुपारी बाबा जेवायच्या टेबलाशी बसून लेकीची गणितं तपासायचे आणि पाहुणा टेबलाखाली, गार फरशीवर, त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून झोपायचा. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, बाबांनी तिकिटाचं विचारायचं सोडलंय. किती महिने झाले होते, देव जाणे. त्या दिवशी मी पाहुण्याला स्वतःच्या हाताने तूप लावून पोळी घातली.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण घोळ तिथेच झाला. मिरजेला लॅब टेक्निशियनचा कोर्स करून मी तिकडे गेले होते आणि जनावरांच्या एका लॅबमध्ये चिकटले होते. रास अल खोरला चाऱ्याच्या गोदामावर आमची दोन खोल्यांची लॅब. खाली डॉक्टरचा दवाखाना. सकाळपासून उंटांचं रक्त, ससाण्यांची विष्ठा, घोड्यांचं काही ना काही. शिवाय आपापल्या देशात परत निघालेल्या गोऱ्या लोकांची कुत्री-मांजरं. त्यांना विमानात चढवायचं तर रेबीजची लस लागू पडल्याचा पुरावा लागायचा. म्हणजे रक्तात त्या रोगाविरुद्धच्या अँटिबॉडी पुरेशा आहेत का ते बघायचं. अँटिबॉडी म्हणजे रोगाला ओळखून पकडण्यासाठी शरीर जे तयार करतं ते. आम्ही रक्त बर्फात बांधून परदेशी पाठवायचो आणि दोन-तीन आठवड्यांनी फॅक्सवर आकडा यायचा. ठरलेल्या रेषेच्या वर आकडा गेला की आम्ही म्हणायचो, पास. मालकाला फोन मीच करायचे. बायका पलीकडे रडायच्या आनंदाने. आकडा जितका मोठा तितकी माझी आवाजाची पट्टी वर. वर्षानुवर्षं हेच केलं. मोठा आकडा म्हणजे चांगला, हे माझ्या हाडात मुरलं होतं.

पाहुणा आमच्याकडे येऊन दोन-अडीच वर्षं झाली असतील तेव्हा त्याच्या डोळ्यांभोवतीचे केस झडायला लागले. लेक म्हणाली, "लुक, ही इज वेअरिंग ग्लासेस, जस्ट लाइक आजोबा!" आम्ही हसलो. मग कातडीचा कोंडा पडायला लागला. बाबा म्हणाले, एसीने कोरडी पडलीये, आणि रोज खोबरेल तेल चोळायला लागले. मग त्याची नखं नको इतकी लांब वाढली, चालताना फरशीवर टकटक वाजायची. मांड्या उतरल्या. एका शुक्रवारी त्याच्या नाकातून रक्त आलं, पांढऱ्या फरशीवर थेंब थेंब, आणि तो स्वतःच ते चाटून साफ करायला लागला. मग मात्र मी त्याला उचलून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर सुदानचा होता. उंच, हळू बोलणारा, मला सिस्टर म्हणायचा. त्याने पाहुण्याच्या गळ्याखाली, मांडीमागे बोटांनी चाचपलं. गाठी सुजल्या होत्या. मग आधीच्या मालकाने दिलेलं लसीकरणाचं पुस्तक उघडून त्याचा जन्म कुठला ते बघितलं आणि मान हलवली. "सिस्टर, हा इथला आजार नाही वाटत. हा स्पेनहूनच घेऊन आलाय. तिकडे बारीक वाळूमाशी चावते, तिच्यातून परजीवी अंगात जातो आणि वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. आमच्या गावाकडे याचाच भाऊ माणसांना धरतो. तुमच्याकडे त्याला काळा आजार म्हणतात." काळा आजार हा शब्द मी पुस्तकात पाठ केला होता. आमच्या घरातल्या टेबलाखाली तो येऊन बसेल असं स्वप्नातही नव्हतं.

त्याने गाठीत सुई घालून काचेवर थेंब घेतला, मायक्रोस्कोपखाली तासभर शोधलं. नक्की काही दिसेना. मग रक्त काढून परदेशी पाठवायचं ठरलं, या परजीवीविरुद्धच्या अँटिबॉडी मोजायला. डॉक्टर दुसऱ्याच दिवशी दीड महिन्याच्या सुट्टीवर गावी जाणार होता. जाताना म्हणाला, "हा परजीवी अंगात असून जन्मभर ठणठणीत राहिलेले कुत्रे असतात. सगळं त्याचं शरीर कसं उत्तर देतं त्यावर आहे. रिपोर्ट आला की लगेच मला फोन कर. गावात एकाच दुकानात फोन आहे, दुकानदार मला बोलावून आणेल." त्याने नंबर लिहून दिला. मी तो पर्समध्ये ठेवला.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच पकडलं, "म्हणजे त्याचं शरीर कसं उत्तर देतंय ते तपासणार. परीक्षाच की ही!" आणि टेबलाखाली वाकून म्हणाले, "नीट उत्तर दे रे बाबा. घाबरू नकोस. आधी सोपे प्रश्न सोडव."

फॅक्स आला तेव्हा लॅबमध्ये मी एकटीच होते. एकच ओळ, आजाराचं नाव आणि आकडा. शेरा नाही, काही नाही. ही तपासणी अशी असते: सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, दुप्पट, चौपट, आठपट असा अजून पातळ करत जायचा आणि अँटिबॉडी कुठपर्यंत सापडतात ते बघायचं. पाहुण्याच्या सीरममध्ये अगदी शेवटच्या पातळीपर्यंत सापडल्या होत्या. एवढा मोठा आकडा मी कुठल्याच फॅक्सवर बघितला नव्हता. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकला! आजार येऊन गेला आणि शरीराने त्याला पुरून उरेल इतकी फौज उभी केली. गोवर येऊन गेलेल्या पोराच्या रक्तात असतात तशाच या.

अगं बाई, तू रोज सकाळी उंटांच्या रक्ताची तपासणी करत होतीस ना? त्यात अँटिबॉडी सापडल्या की तूच तांबड्या पेनाने 'रोगी' लिहून तो उंट कळपातून बाजूला काढायला लावत होतीस ना? मग त्या दिवशी ते ज्ञान कुठे शेण खायला गेलं होतं? हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता उत्तराची वाटही बघत नाही. आपल्या माणसाचा कागद आपण वाचत नाही. आपल्याला हवं तेच त्यावर दिसतं.

मी घरी फोन लावला. "बाबा, पास!"

"किती पडले?"

"पैकीच्या पैकी!"

पलीकडून मला ऐकू आलं, ते पाहुण्याला सांगत होते. संध्याकाळी मी तो फॅक्स घरी नेला. बाबांनी त्यावर तांबड्या पेनाने बरोबरची खूण केली आणि नातीच्या प्रगतिपुस्तकाच्या फाइलमध्ये लावून टाकला. मग नवऱ्याला गाडी काढायला लावली. "पास झाला की पेढे. आमच्याकडे नापासांचे आईबाप तेवढे बिनपेढ्याचे." रोला बाजारातल्या मिठाईच्या दुकानातून किलोभर पेढे आले. नातूरला दिले, समोरच्या मल्याळी कुटुंबाला दिले, खालच्या किराणावाल्याला दिले. लेक लाजेने मेली. "आजोबा, प्लीज! नोबडी डज दॅट फॉर अ डॉग!" बाबा म्हणाले, "तुझ्यापेक्षा जास्त मार्क आहेत त्याला. गप बस."

डॉक्टरला मी फोन केला नाही. चांगली बातमी, सुट्टीवरच्या माणसाला दुकानापर्यंत कशाला पळवायचं? आला की तोंड गोड करू म्हणून दोन पेढे डबीत घालून फ्रीजरला ठेवले.

पुढचे चार आठवडे मी त्याला अंगावर मांस चढावं म्हणून खुराक दिला. पायाचं सूप, उकडलेली अंडी, कलेजी. आजार तर गेला, आता नुसता अशक्तपणा राहिलाय, असं माझं निदान. आधी खायचा, मग हुंगून तोंड फिरवायला लागला. पाणी मात्र भांडी भांडी प्यायचा. ऑगस्टचा उन्हाळा आहे, पिणारच, असं आम्ही म्हणायचो. पहाटेच्या पाच फेऱ्यांच्या तीन झाल्या, मग एक. बाबा म्हणाले, "परीक्षेनंतर पोरं अशीच लोळतात."

डॉक्टर परत आला त्या दिवशी मी पेढ्यांची डबी आणि फॅक्सची झेरॉक्स घेऊन खाली गेले. त्याने पेढा हातात घेतला, विचारलं, कसला? मी म्हटलं, आधी हे वाचा. त्याने वाचलं. मग पेढा पुन्हा डबीत ठेवला आणि झाकण लावलं.

"हा कधी आला?"

मी सांगितलं.

"आणि तू मला फोन नाही केलास."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी भांडले तरी असते. त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि सावकाश समजावलं. शरीर दोन तऱ्हांनी उत्तर देतं. एका तऱ्हेत ज्या पेशींच्या पोटात हा परजीवी घर करून बसलेला असतो त्याच पेशींना शरीर जागं करतं, आणि त्या त्याला आतल्या आत मारतात. अशा कुत्र्याच्या रक्तात अँटिबॉडी थोड्याच असतात, कधी सापडतही नाहीत. तो जगतो. दुसऱ्या तऱ्हेत शरीर गोंधळतं आणि नुसत्या अँटिबॉडी बनवत सुटतं. चोर घरात शिरून आतून कडी लावून बसलाय आणि नातूर जिन्यात उभा राहून शिट्ट्या मारतोय, तसं. आत बसलेल्याला त्या पोचतच नाहीत. पोचतात त्या बाहेर सांडलेल्या त्याच्या तुकड्यांना. त्यांना चिकटून गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या मूत्रपिंडात जाऊन अडकतात. "तुमची चहाची गाळणी तुंबते ना, तशी. सिस्टर, आकडा जितका मोठा तितकं शरीर हरतंय. हा आजार त्याला मारत नाहीये इतका, जितकं त्याचं स्वतःचंच उत्तर मारतंय."

मी विचारलं, "खलास?"

"खलास नको म्हणू. आज गोळी सुरू कर. ही परजीवीला वाढू देत नाही. लवकर दिली तर कुत्रे वर्षानुवर्षं जगतात." त्याने कागदावर गोळीचं नाव लिहिलं. ते मी दोनदा वाचलं. ती युरिक ॲसिडची गोळी होती. बाबांच्या पायाचा अंगठा सुजायचा म्हणून ते रोज दुपारी घ्यायचे तीच. जेवायच्या टेबलावर स्टीलच्या डबीत असायची. खाली पाहुणा झोपायचा आणि वर डबी. चार आठवडे.

त्या संध्याकाळी शारजाच्या रस्त्यावर ट्रॅफिक जाम होता आणि मी गाडीत एकटी मोठमोठ्याने स्वतःला शिव्या देत होते. घरी पोचले, हातपायसुद्धा धुतले नाहीत. सरळ टेबलापाशी गेले, डबीतून गोळी काढली, मोडली आणि अर्धी पाहुण्याच्या जिभेमागे ढकलली. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी बघितलं. मी म्हटलं, "डॉक्टरांनी औषध सुरू करायला सांगितलंय." ते "बरं" म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "पण पास झाला होता ना?"

मी म्हटलं, "हो."

काय सांगणार होते मी? उद्या सांगू म्हटलं, आणि तो उद्या काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने लघवी मागवली. बाबा श्रीखंडाचा रिकामा डबा एका लांब पळीला बांधून पाहुण्याच्या मागे मागे प्लॉटवर फिरले. नातूर पोट धरून हसला. तो नमुना मी लॅबमध्ये स्वतः तपासला. पट्टी बुडवली, पिवळी होती ती बघता बघता गडद हिरवी झाली. म्हणजे प्रोटीन गळत होतं, भरपूर. विश्वास बसेना म्हणून जुन्या पद्धतीने नळीत घालून तापवलं, तर नासलेल्या दुधासारखं पांढरं साकळलं. माझं पायाचं सूप आणि अंडी, सगळी त्या तुंबलेल्या गाळणीवर मीच ओतत होते. दार लावून घेऊन मी रडले. खाली चाऱ्याचे गठ्ठे उतरवणारे एकमेकांना घाई करत "यल्ला, यल्ला" ओरडत होते.

पाहुण्यासाठी वेगळं पाकीट आणलं, तरी बाबा आपल्याच डबीतली गोळी मोडायचे. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. दुपारी जेवण झालं की स्वतःची अख्खी. खुराक बंद झाला, भात आणि भोपळा सुरू झाला. पंधरा दिवस जरा बरं वाटलं. डोळ्यांभोवती बारीक लव आली. बाबा म्हणाले, "बघ, फेरपरीक्षेत निघतोय." मग उलट्या सुरू झाल्या. तोंडात जखमा झाल्या. डॉक्टरने कुठून कुठून खटपट करून काळ्या आजारावरचं इंजेक्शन मिळवलं. बाटली हातात फिरवत म्हणाला, "आता याची मूत्रपिंडं हे सोसणार नाहीत. महिन्यापूर्वी—" आणि माझ्याकडे बघून थांबला. बाटली पुन्हा फ्रिजमध्ये गेली. रोज लॅबमध्ये जाताना मी त्या फ्रिजसमोरून जायचे.

आम्ही सगळं केलं. सलाइन लावलं, चमचा चमचा पाणी दिलं, लेकीने शाळेतून येऊन त्याचे कान पुसले. ती विचारायची, "मॉम, बट यू सेड ही पास्ड. व्हाय इज ही डाइंग?" मी तिच्यावर ओरडले. "अभ्यास नाही का तुला?" असलं काहीतरी. तिचा चेहरा उतरला आणि मला स्वतःची इतकी चीड आली की सांगता सोय नाही. जी व्यक्ती काही करू शकत होती तिनेच वेळ घालवला, आणि आता जे करत होतो ते नुसतं हात हलवणं होतं.

डिसेंबरात, एका शुक्रवारी दुपारी तो गेला. टेबलाखालीच, बाबांच्या पंच्यावर. बाबांचे पाय त्याच्या हनुवटीखाली होते. मी म्हटलं, "बाबा, पाय काढा आता." ते म्हणाले, "राहू दे जरा."

लोक भेटायचे. मल्याळी बाई, नातूर, किराणावाला, सगळ्यांनी पेढे खाल्लेले. चाचा, वो तो पास हुआ था ना? बाबा प्रत्येकाला सांगायचे, "रिझल्ट अच्छा था उसका. एकदम अच्छा था. नसीब नहीं था." प्रत्येक वेळी मी शेजारी उभी.

आणि आठवड्याभराने दार उघडल्या उघडल्या तो प्रश्न आला. "माझ्या तिकिटाचं बघतेस का गं पोरी?" या वेळी वाद घालायला माझ्याकडे काहीच नव्हतं. नवऱ्याने समजावलं, लेक रडली. बाबा म्हणाले, "इथे सकाळी उठून कुणासाठी खाली उतरू?" फेब्रुवारीचं तिकीट काढलं.

जायच्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर ते टेबलाशी बसून आपली पिशवी भरत होते. नवरा गाडीत पेट्रोल भरायला गेला होता. मी समोर बसले. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"बाबा, तो कागद... तो पास नव्हता. आकडा मोठा म्हणजे वाईट होतं. मी चुकीचं वाचलं."

ते पंच्याची घडी घालत होते. घडी पुरी केली. "माहीत आहे."

"कुणी सांगितलं? डॉक्टरांनी?"

"कोण कशाला सांगायला हवं? त्या दिवशी तू हातपाय न धुता आलीस आणि माझ्या डबीतली गोळी काढून त्याला घातलीस. डबी महिनाभर इथेच होती आणि तोही इथेच होता. एवढं गणित मला येतं गं."

"मग बोलला का नाहीत? शिव्या तरी द्यायच्या होत्यात!"

"काय बोलू? पेढे मी वाटले. पेपर पुन्हा तपासल्याशिवाय निकाल सांगायचा नाही, हे जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं मी." त्यांनी पंचा पिशवीत ठेवला. "आणि तू त्या वेळी इतकी आनंदात होतीस फोनवर."

मला रडू फुटलं. त्यांनी समजूत घातली नाही, रागही केला नाही. घड्याळाकडे बघितलं. गोळीची वेळ झाली होती. डबी उघडून त्यांनी गोळी काढली आणि सवयीने मधोमध मोडली. अर्धी हातात धरून ते टेबलाखाली वाकले. तसेच थोडा वेळ राहिले. मग वर आले, दोन्ही तुकडे तोंडात टाकले आणि म्हणाले, "पाणी दे."

मी पाणी आणायला उठले.